टेप करा, वाटा, पण विकू नका

(दहावी ‘ब’, १९९५)



स्मरणिकेसाठी ‘शाळा सोडल्यावर जडलेला एखादा छंद’ असा विषय संपादक मंडळाने दिला आणि आपल्या बॅचच्या ग्रुपवर भराभर उत्तरं आली. कुणी सह्याद्रीतले गड मोजतंय, कुणी गच्चीवर भाजी पिकवतंय, एकीने तर चाळिशी उलटल्यावर कथक सुरू केलंय. माझा छंद सांगायला थोडा अवघड आहे. ‘ग्रेटफुल डेड’ नावाच्या एका अमेरिकन रॉक अँड रोल बँडची मी गेली वीस वर्षं निस्सीम चाहती आहे. नावात ‘मृत’, चिन्हात कवटी आणि जन्म हिप्पींच्या काळातला. त्यांचा टी-शर्ट घालून सुट्टीत घरी गेले तेव्हा आई एवढंच म्हणाली, “हा देवळात नको घालूस.” तेव्हा गुरुजनांनी दचकू नये, ही आधीच विनंती. या बँडच्या इतिहासात वाजवणाऱ्यांइतकाच ऐकणाऱ्यांचा वाटा आहे, आणि तो शाळेच्या स्मरणिकेत का शोभेल ते शेवटी सांगेन.

सुरुवात नावापासून करते. १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावात एका वाद्यांच्या दुकानात जेरी गार्सिया नावाचा बावीस वर्षांचा तरुण बँजो आणि गिटार शिकवायचा. त्याच्याभोवती चार जण जमले. बॉब वेअर अवघा सतरा वर्षांचा. ड्रमवर बिल क्रॉइट्झमन. ब्लूज गाणारा रॉन मॅककर्नन, ज्याला सगळे ‘पिगपेन’ म्हणत. आणि थोड्या दिवसांनी आलेला फिल लेश, जो ट्रम्पेट आणि आधुनिक पाश्चात्त्य संगीतरचना शिकला होता, पण बेस गिटार त्याने आयुष्यात कधी हातात धरली नव्हती. ५ मे १९६५ रोजी शेजारच्या मेन्लो पार्कमधल्या एका पिझ्झाच्या दुकानात त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. तेव्हा ते स्वतःला ‘वॉरलॉक्स’ म्हणवत होते. त्या नावाचा दुसरा बँड आहे असं कळल्यावर नवं नाव शोधताना गार्सियाला एका शब्दकोशात ‘ग्रेटफुल डेड’ ही नोंद सापडली.

ती एका जुन्या लोककथेची नोंद आहे. वाटसरूला एका गावात एक प्रेत पडलेलं दिसतं. मेलेल्या माणसाने कर्ज फेडलं नाही म्हणून कुणी अंत्यसंस्कार करू देत नसतं. वाटसरू स्वतःजवळचे होते नव्हते ते पैसे देऊन त्याला मूठमाती देतो आणि पुढे निघतो. वाटेत त्याला एक अनोळखी सोबती भेटतो, संकटात मदत करतो, आणि शेवटी कळतं की हाच तो मेलेला माणूस. युरोपापासून आशियापर्यंत या कथेची वेगवेगळी रूपं सापडतात. कुठल्याही मोबदल्याची आशा न धरता दिलेली गोष्ट कधीतरी अनपेक्षित वाटेने परत येते, असा तिचा अर्थ. हे नाव त्यांनी योगायोगाने उचललं, पण पुढची तीस वर्षं ते तसेच वागले.

हे पाच जण, १९६७ मध्ये आलेला दुसरा ड्रमवादक मिकी हार्ट आणि गीतं लिहिणारा रॉबर्ट हंटर, एवढी मंडळी मिळून जे वाजवू लागली त्याला एक नाव देणं कठीण आहे. ब्लूज, डोंगराळ भागातली लोकगीतं, कंट्री आणि जॅझ हे सगळं त्यात होतं. कार्यक्रमात कुठलं गाणं कधी येणार हे आधी ठरलेलं नसे. एका गाण्यातून दुसऱ्यात शिरायचं, मध्येच वाट सोडून वीस-पंचवीस मिनिटं भटकायचं आणि परत मूळ जागी यायचं, ही त्यांची रीत. आपल्याकडे बंदिश तीच असते, पण काल गायलेला यमन आज तसाच येत नाही. तोच प्रकार इथे होता. म्हणून कालच्या कार्यक्रमाला गेलेला माणूस आजही तिकीट काढायचा. तीस वर्षांत त्यांचे सुमारे २,३०० कार्यक्रम झाले आणि त्यातले कुठलेही दोन एकसारखे झाले नाहीत.

याची दुसरी बाजू अशी, की कधी कधी कार्यक्रम साफ फसायचा. १९६९ च्या सुप्रसिद्ध वुडस्टॉक महोत्सवात ते होते. पावसाने रंगमंच ओला झालेला, गिटार वाजवताना विजेचे झटके बसत होते, आणि वाजवणंही जमलं नाही. आपण त्या रात्री वाईट वाजवलं हे ते स्वतःच पुढे सांगत राहिले. स्टुडिओत केलेल्या त्यांच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड्स फारशा खपल्या नाहीत आणि रेकॉर्ड कंपनीचं कर्ज डोक्यावर होतं. १९७० च्या दोन गाजलेल्या रेकॉर्ड्सनी थोडा श्वास मिळाला, पण त्यांचं पोट भरत होतं ते प्रत्यक्ष कार्यक्रमांवर. म्हणजे समोर बसलेला माणूस हाच त्यांचा आधार. १९७१ साली एका रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांनी ऐकणाऱ्यांना आवाहन छापलं: तुम्ही कोण आहात, कुठे आहात ते कळवा, आम्ही संपर्कात राहू. सोबत टपालाचा पत्ता. हजारोंनी पत्रं आली. बँडकडून चाहत्यांना वार्तापत्रं जाऊ लागली आणि ‘डेडहेड’ हे नाव रूढ झालं.

इथे मला इंजिनिअर म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मोठ्या मैदानात शेवटच्या रांगेतल्या माणसालाही स्वच्छ ऐकू यावं म्हणून १९७४ मध्ये त्यांनी ‘वॉल ऑफ साउंड’ म्हणजे आवाजाची भिंत उभी केली. सुमारे सहाशे लाउडस्पीकर, एकूण वजन अंदाजे ७५ टन. प्रत्येक वाद्याला स्वतंत्र स्पीकर. फिल लेशच्या बेसच्या तर प्रत्येक तारेला वेगळे. ही भिंत वादकांच्या पाठीशी असायची, त्यामुळे जे श्रोत्यांना ऐकू येई तेच वादकांनाही. आता मागचा आवाज पुढच्या माइकमध्ये शिरला की जी कर्कश शिट्टी वाजते ती आपल्या शाळेच्या प्रत्येक स्नेहसंमेलनात सगळ्यांनी ऐकली आहे. त्यांनी त्यावर उपाय शोधला. प्रत्येक गायकासमोर दोन माइक लावायचे, एक उलट्या जोडणीचा. गायक एकातच गाणार. मागच्या भिंतीचा आवाज दोन्हींत सारखाच शिरतो आणि एकमेकांत वजा होतो, गळा तेवढा उरतो. शाळेत शिकलेली वजाबाकी ७५ टनांच्या यंत्रणेत अशी कामाला आली. पण ही भिंत एका गावाहून दुसऱ्या गावी हलवायचा खर्च झेपेना. त्या वर्षाच्या ऑक्टोबरनंतर त्यांनी दौरे थांबवले आणि परत सुरू केले तेव्हा भिंत सोबत नव्हती.

आता टेपची गोष्ट. श्रोत्यांपैकी काही जण सुरुवातीपासूनच लपूनछपून टेपरेकॉर्डर आत नेत. इतर बँडचे लोक असे टेप जप्त करत. ग्रेटफुल डेडने बहुतेक वेळा काणाडोळा केला. आम्ही वाजवून झालं की ते तुमचं, अशी गार्सियाची भूमिका होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून टेपांची अदलाबदल करणारी मंडळं निघाली, १९७४ पासून तर या छंदाला वाहिलेलं मासिकही आलं. शेवटी टेप करणाऱ्यांच्या उंच माइकांचं एवढं जंगल झालं, की मागच्यांना रंगमंच दिसेना आणि बँडच्या ध्वनिसंयोजकालाही त्रास होऊ लागला. तेव्हा ऑक्टोबर १९८४ मध्ये, बर्कलीच्या कार्यक्रमापासून, त्यांनी टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागा आणि वेगळी तिकिटंच ठेवली. नियम एकच: टेप करा, वाटा, पण विकू नका.

या नियमाभोवती पैशाशिवाय चालणारा एक अख्खा व्यवहार उभा राहिला. नवख्या माणसाकडे बदल्यात द्यायला टेप नसे. त्याने कोऱ्या कॅसेट आणि परतीचं टपालहशील पाठवायचं. समोरचा आपल्या दोन डेकवर रात्रभर बसून प्रती काढणार आणि पाठवणार. पुढे त्याने हेच दुसऱ्या नवख्यासाठी करायचं. आपल्या पिढीला हे समजावून सांगायला नको. दुकानात यादी देऊन कॅसेट भरून आणणं, पेन्सिल घालून टेप गुंडाळणं, प्रतीवरून प्रत काढली की वाढत जाणारी ती खरखर, हे सगळं आपण केलंय. डेडहेड मंडळींनी त्या खरखरीचाही हिशोब ठेवला. मूळ टेपपासून ही कितवी प्रत, कुठला माइक, कुठला डेक, श्रोता कितव्या रांगेत होता, हे कॅसेटच्या खोक्यावर लिहिलेलं असायचं. बँडच्या ध्वनिमुद्रणात मोठा वाटा असलेल्या बेटी कँटर-जॅक्सन यांनी केलेल्या उत्कृष्ट मुद्रणांच्या मूळ टेपा १९८६ मध्ये एका भाड्याच्या गोदामातून लिलावात गेल्या आणि वेगवेगळ्या हातांत पडल्या. त्या कुणी घेतल्या, पुढे कुठे गेल्या याचाही माग चाहत्यांनी ठेवला. ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठात झालेला त्यांचा कार्यक्रम अशा प्रतींच्या प्रती होऊन लाखो घरांत पोचला. २०१२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्याची अधिकृत रेकॉर्ड निघालेलीही नव्हती. ती निघाली २०१७ मध्ये. चाळीस वर्षं ती मैफल ऐकणाऱ्यांनीच जिवंत ठेवली होती.

आमच्या संगणकाच्या क्षेत्रात या चाहत्यांच्या पाऊलखुणा जागोजागी दिसतात. स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतले संशोधक १९७० च्या दशकातच संगणकावरून या बँडच्या बातम्या एकमेकांना पाठवत होते. १९८५ मध्ये ‘वेल’ नावाची संगणकावरची एक चर्चासभा निघाली. तिचा खर्च निघण्यात डेडहेड मंडळींच्या वर्गणीचा मोठा हात होता. तिचे एक संस्थापक लॅरी ब्रिलियंट हे डॉक्टर. भारतातून देवीचा रोग हद्दपार करण्याच्या मोहिमेत त्यांनी काम केलं होतं. पुढे त्यांनी इतरांसोबत ‘सेवा’ नावाची संस्था काढली, जिचं मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी जवळचं नातं आहे. त्या संस्थेसाठी ग्रेटफुल डेडने मदतीचे कार्यक्रम केले. बॉब वेअरसाठी गीतं लिहिणारे जॉन पेरी बार्लो तर इंटरनेटवरच्या नागरी स्वातंत्र्यासाठी १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’चे एक संस्थापक.

माझा प्रवेश यात फार उशिरा झाला. २००४ मध्ये कंपनीने मला कॅलिफोर्नियाला पाठवलं. डेटाबेस एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवायचं काम रात्री चाले, कारण दिवसा ग्राहक ते वापरत असत. आमच्या टीममधले एक साठीकडे झुकलेले सहकारी अशा रात्री बारीक आवाजात काहीतरी लावून ठेवायचे. मी एकदा सहज विचारलं, “हे गाणं केव्हा संपणार?” ते म्हणाले, “संपवायची घाई कुणालाच नाही.” तो कॉर्नेलचा कार्यक्रम होता. दोन गाणी सांधलेली, पहिल्यातून दुसऱ्यात जाताना नेमकं कुठे ओलांडलं ते कळत नाही. मी आपल्या गायनाच्या सरांकडे चार वर्षं शिकले होते. सूर सामान्य होता, पण सरांनी मात्रा मोजायची सवय लावली होती. ऐकता ऐकता माझी बोटं आपोआप मांडीवर मोजू लागली. पुढच्या काही आठवड्यांत लक्षात आलं, की यांच्या एका गाण्यात दहा मात्रांचं आवर्तन आहे, एकात सात, आणि ‘द इलेव्हन’ नावाच्या गाण्यात तर अकरा: तीन, तीन, तीन, दोन. रॉक संगीतात सगळं चारात चालतं असं मी धरून चालले होते. इथे सम शोधावी लागत होती.

ही गणितं आली कुठून, याचा शोध घेतला आणि मी थेट माहीमला पोचले. मिकी हार्टची १९६७ मध्ये उस्ताद अल्लारखाँ यांच्याशी भेट झाली होती आणि तालाचं गणित त्याने त्यांच्याकडून घेतलं. त्याच सुमारास उस्ताद अली अकबर खाँ यांनी कॅलिफोर्नियात संगीत विद्यालय काढलं, आणि ते लवकरच सॅन राफेल गावात आलं. ग्रेटफुल डेडचं कार्यालयही त्याच गावात. अल्लारखाँ यांचे चिरंजीव, माहीममध्ये वाढलेले झाकीर हुसेन, तिथे शिकवत असत. विद्यार्थ्यांचं एक तालवाद्यवृंद झाकीरजींनी बसवलं, मिकी हार्ट त्यात आला, आणि १९७६ मध्ये ‘दिगा ऱ्हिदम बँड’ नावाने त्यांची रेकॉर्ड निघाली. तिच्यातल्या एका रचनेत गार्सियाने गिटार वाजवली. त्याच रचनेवर पुढे शब्द चढले आणि ‘फायर ऑन द माउंटन’ हे ग्रेटफुल डेडचं गाणं झालं. कॉर्नेलच्या मैफलीतल्या त्या सांधलेल्या जोडीतलं दुसरं गाणं हेच. म्हणजे मध्यरात्री परक्या देशात ज्या ठेक्यावर माझी बोटं चालू लागली, त्याचं एक मूळ मुंबईच्या तबल्यात होतं. त्या दिवसापासून मी ‘ऐकून बघते’ म्हणायचं बंद केलं आणि रीतसर चाहती झाले. डिसेंबर २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झाकीरजी गेले, तेव्हा त्याच जुन्या सहकाऱ्यांचा मला पहिला संदेश आला.

तोवर टेपांचा व्यवहार इंटरनेटवर आला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या ना-नफा संस्थेत २००२ पासून मैफलींचा संग्रह सुरू झाला होता आणि ग्रेटफुल डेडचे हजारो कार्यक्रम तिथे फुकट मिळत होते. चाहत्यांची शिस्त तिथेही कायम. आवाजाचा एकही तुकडा गाळून फाइल लहान करायची नाही. प्रत्येक फाइलसोबत तपासणीचा आकडा द्यायचा, म्हणजे प्रत बरोबर उतरली की नाही हे कुणालाही पडताळता येईल. आणि सोबत टेपची पूर्ण वंशावळ. पगार घेऊन काम करणाऱ्या आम्हा लोकांच्या नोंदी इतक्या नीट नसतात.

नोव्हेंबर २००५ मध्ये यावरूनच मोठं भांडण झालं. बँडचा कारभार पाहणाऱ्या मंडळींच्या सांगण्यावरून तिथल्या फाइल उतरवून घेण्याची सोय एकाएकी बंद झाली. त्यांचीही अडचण होती. गार्सिया गेल्यावर कार्यक्रमांचं उत्पन्न थांबलं होतं, आणि जुनी मुद्रणं विकणं हाच मोठा आधार उरला होता. चाहते खवळले. बहिष्काराची निवेदनं निघाली. बार्लो यांनी उघड विरोध केला, फिल लेशनेही आपल्याला हे आधी माहीत नव्हतं असं जाहीर केलं. काही दिवसांतच तडजोड झाली. श्रोत्यांमधून केलेली मुद्रणं पुन्हा मोकळी झाली, तर बँडच्या स्वतःच्या मिक्सरवरून केलेली मुद्रणं तिथे ऐकता येतील पण उतरवून घेता येणार नाहीत असं ठरलं. मला हा निवाडा तेव्हाही पटला आणि आजही पटतो. श्रोत्याने आपल्या जागेवरून टिपलं ते श्रोत्याचं, बँडच्या तंत्रज्ञाने टेबलावरून टिपलं ते बँडचं. गंमत अशी, की अधिकृत रेकॉर्ड्स खपायच्या थांबल्या नाहीत. ज्यांच्याकडे फुकटच्या शंभर टेपा होत्या तेच लोक एकशे एकावी विकत घेत होते.

आता जे बोलायला हवं ते बोलते, कारण ही स्मरणिका आपली मुलंही वाचतील. या बँडच्या इतिहासात अमली पदार्थ आहेत, आणि ते फक्त रंगीत कपड्यांच्या गमतीपुरते नाहीत. पिगपेन दारूने पोखरला आणि १९७३ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी गेला. गार्सियाला हेरॉइनचं व्यसन होतं, शिवाय मधुमेह. १९८६ मध्ये तो कोमात गेला, आणि बरा झाल्यावर त्याला गिटार जवळपास नव्याने शिकावी लागली. १९८७ मध्ये त्यांचं एक गाणं पहिल्यांदा लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या दहात आलं आणि गर्दी आवाक्याबाहेर गेली. जुलै १९९५ मध्ये इंडियानात तिकीट नसलेल्या जमावाने कुंपण मोडलं आणि दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द करावा लागला. ९ जुलैला शिकागोत शेवटचा कार्यक्रम झाला. ९ ऑगस्ट १९९५ रोजी व्यसनमुक्ती केंद्रात गार्सियाचं निधन झालं. वय त्रेपन्न. आपण दहावी पास होऊन अकरावीच्या वर्गात नुकते रुळत होतो तेव्हाची ही गोष्ट.

मला यातला एक प्रश्न अजून सोडत नाही. कार्यक्रमांवर बँडचे कर्मचारी, त्यांची कुटुंबं अवलंबून होती. लाखो चाहत्यांना पुढची मैफल हवी होती. थकलेल्या, आजारी माणसाला थांबता आलं नाही, त्यात आम्हा ऐकणाऱ्यांच्या प्रेमाचाही भाग आहे. भक्तीचं ओझं देवाला होत नसेल, माणसाला होतं. याच चाहत्यांनी १९८० च्या दशकात आणखी एक गोष्ट केली, ती मला फार मोलाची वाटते. व्यसन सोडलेल्या डेडहेडांनी ‘व्हार्फ रॅट्स’ नावाचा गट काढला. मध्यंतरात ते पिवळे फुगे लावून एका ठरलेल्या जागी जमायचे, म्हणजे संगीत न सोडता व्यसनापासून दूर राहू पाहणाऱ्याला आपली माणसं कुठे आहेत ते कळायचं. आजही ते फुगे दिसतात.

एप्रिल १९९६ मध्ये गार्सियाच्या अस्थींचा काही भाग त्याच्या पत्नीने आणि बॉब वेअरने हृषीकेशला गंगेत सोडला, बाकीच्या पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात. हे मी आईला सांगितलं तेव्हापासून टी-शर्टबद्दलची तक्रार बंद आहे.

प्रत्यक्ष ऐकायची संधी मला २०१५ मध्ये मिळाली. पन्नास वर्षं झाली म्हणून उरलेले चौघे, वेअर, लेश, क्रॉइट्झमन आणि हार्ट, एकत्र आले आणि पहिले दोन कार्यक्रम माझ्या घरापासून वीस मिनिटांवर, सांता क्लाराच्या स्टेडियममध्ये होते. २७ जूनला गेले. शेजारी बसलेल्या पांढऱ्या वेणीच्या आजींनी विचारलं, “कितवा?” मी म्हटलं, “पहिला.” त्यांनी पिशवीतून एक संत्रं काढून निम्मं मला दिलं आणि मागे बोट दाखवलं. उंच काठ्यांवर माइक लावून टेप करणारे शांतपणे उभे होते, बोलत नव्हते, टाळ्याही वाजवत नव्हते, कारण त्या मुद्रणात आल्या असत्या. आजी म्हणाल्या, “ते आजची रात्र आपल्यासाठी ठेवतायत.” पहिला भाग संपता संपता आकाशात खरोखरच इंद्रधनुष्य उमटलं. ते यंत्राने पाडलं अशी अफवा दुसऱ्या दिवशी उठली, पण साधा पाऊस आणि साधं ऊन होतं.

आता हे सगळं इथे का लिहिलं ते सांगते. आपल्या शाळेचं स्नेहसंमेलन दर डिसेंबरला व्हायचं. मंडपाच्या कोपऱ्यात कुणाचे ना कुणाचे वडील टेपरेकॉर्डर घेऊन बसलेले असत. गायनाचे सर आज आपल्यात नाहीत. त्यांनी बसवलेली समूहगीतं, पेटीवर धरलेला त्यांचा सूर, “आवाज पोटातून काढा रे” हे त्यांचं ओरडणं, यातलं काहीही शाळेच्या कपाटात नाही. मी मुख्याध्यापक बाईंना विचारलं. पण कुणाच्या तरी माळ्यावर, जुन्या बॅगेत, लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटच्या खाली ते असू शकतं. चुंबकीय फीत कायम टिकत नाही. आपल्या त्या कॅसेटना आता तीस वर्षं झाली.

म्हणून संमेलनाला येताना अशी कॅसेट सापडली तर घेऊन या. घरच्या जुन्या प्लेअरवर आधी वाजवून बघू नका, फीत अडकून तुटते. खोक्यावर जे काही लिहिलेलं असेल ते तसंच राहू द्या, खोडू नका. कुणी टेप केलं, कुठल्या वर्षी, कुठे बसून, एवढं आठवत असेल तर एका चिठ्ठीवर लिहा. मी डेक आणि लॅपटॉप घेऊन येणार आहे, दोन दिवस मागच्या वर्गात बसेन. मूळ कॅसेट तुमची तुम्हाला परत मिळेल आणि प्रत प्रत्येकाला मिळेल, जे संमेलनाला येऊ शकले नाहीत त्यांनाही.

नियम तोच. वाटा, पण विकू नका.